पहिल्या मुक्कामाचा परगणा

लंडनहून उत्तरेला निघालेल्या माणसाचा पहिला मुक्काम बहुधा हर्टफर्डशायरमध्ये पडायचा. घोड्यावर किंवा भाड्याच्या गाडीत दिवसभर हाडे खिळखिळी करून घेतली की तीस-पस्तीस किलोमीटर पदरात पडायचे. नेमक्या तेवढ्या अंतरावर सेंट ऑल्बन्स, हॅटफील्ड आणि वेअर ही गावे होती. यॉर्क-एडिंबराकडे जाणारा उत्तरेचा मोठा रस्ता बार्नेट, हॅटफील्ड, स्टीव्हनेज, बॉल्डॉक असा या परगण्याच्या मधून जायचा. रोमनांनी आखलेला वॉटलिंग स्ट्रीट सेंट ऑल्बन्सवरून वायव्येला जायचा आणि केंब्रिजकडचा रस्ता वेअर-रॉयस्टनवरून. इंग्लंडमधल्या आकाराने लहान परगण्यांत याची गणना होते. इथे ना मोठे बंदर आहे ना कोळशाची खाण. रस्ते मात्र होते, आणि रस्त्यांच्या कडेला उतरण्या-पिण्याची घरे होती. या घरांची हजारभर वर्षांची वाटचाल पाहताना एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरते. पब कसा असावा, कोणी चालवावा, त्यात काय प्यावे, याबद्दल ज्याला ज्याला काही ठाम म्हणायचे होते त्याने आपला प्रयोग याच परगण्यात मांडला.

सुरुवात मठापासून करावी लागते. ऑल्बन हा ब्रिटनचा पहिला ख्रिस्ती हुतात्मा मानला जातो. त्याच्या समाधीभोवती उभा राहिलेला सेंट ऑल्बन्सचा मठ मध्ययुगात देशातल्या श्रीमंत मठांपैकी एक होता. यात्रेकरू यायचे आणि त्यांची सोय करणे हे मठाचे कर्तव्यच होते. पण यात्रेच्या गावात मठाबाहेरही चार पैसे मिळतात, हे गावकऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मठाच्या आसपासच्या रस्त्यांवर इन उभ्या राहिल्या. इन म्हणजे आपल्याकडच्या सराईच्या जातीचे घर. माणसाला खोली, घोड्याला पागा, दोघांनाही खाणे. इनच्या मालकावर कायद्याने एक बंधन होते: पैसे द्यायला तयार असलेल्या सभ्य प्रवाशाला, जागा असेल तर, परत पाठवायचे नाही. एलहाउसची पायरी याच्या पुष्कळ खालची. एखादी विधवा घरच्या चुलीवर बार्लीची एल उकळायची, ती तयार झाली की दारावर काठी किंवा झुडपाची फांदी लावायची, आणि शेजारीपाजारी येऊन तिच्या ओसरीवर बसायचे. हॉप्स न घातलेली ती एल चार-आठ दिवसांत नासायची, म्हणून ती जिथे शिजायची तिथेच प्यायली जायची. या दोहोंच्या मध्ये टॅव्हर्न, म्हणजे वाइन विकणारे शहरी आणि महागडे ठिकाण. आज या तिन्हींच्या पाट्यांवर सारख्याच ऐटीने 'जुना इंग्लिश पब' असे लिहिलेले असते. त्या काळी एलहाउसमध्ये बसणाऱ्याला इनच्या दिवाणखान्यात कोणी उभे केले नसते.

सेंट ऑल्बन्सच्या एका इनने तर देशाच्या इतिहासात हजेरी लावली आहे. २२ मे १४५५ रोजी याच गावच्या रस्त्यांवर यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांच्या पहिल्या लढाईला तोंड फुटले. राजाच्या बाजूचा सरदार, सॉमरसेटचा ड्यूक एडमंड बोफर्ट, 'कॅसल' नावाच्या इनपाशी मारला गेला. किल्ल्यापासून जपून राहा, असे भाकीत त्याला सांगितले होते म्हणे. तो आयुष्यभर दगडी किल्ले टाळत राहिला आणि शेवटी दारूच्या घराच्या पाटीखाली पडला. भाकिताची गोष्ट मागाहून जोडलेली असणार. पण शेक्सपिअरने ती नाटकात घेतली आणि मग तिला मरण राहिले नाही. इन केव्हाच गेली. तो कोपरा आज एका फलकामुळे ओळखू येतो.

१५५२ मध्ये संसदेने पहिल्यांदा एलहाउसना परवान्याच्या दावणीला बांधले. दोन न्यायाधिकाऱ्यांची संमती आणि सचोटीने वागण्याचा जामीन असल्याशिवाय एल विकायची नाही. कायद्याचा रोख दारूपेक्षा गर्दीवर जास्त होता. गावातले गरीब एकत्र जमतात, मालकांना शिव्या देतात, जुगार खेळतात, ही भीती त्यामागे होती. १५७७ मध्ये कर बसवण्यासाठी सरकारने तीसेक परगण्यांतली अशी घरे मोजवली. तेव्हा सुमारे चौदा हजार एलहाउस भरली आणि इन जेमतेम सोळाशे. म्हणजे ज्यांची चित्रे कॅलेंडरांवर छापली जातात त्या इन तेव्हाही अल्पसंख्यच होत्या.

त्यांच्यातली धंदेवाईक चुरस मात्र जबर होती. तिचा सर्वात मोठा पुरावा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ठेवला आहे. तो आहे एक पलंग. वेअरचा हा प्रचंड पलंग सुमारे १५९० मध्ये ओकच्या लाकडात घडवला गेला. त्याची रुंदी ३.२६ मीटर आणि लांबी ३.३८ मीटर आहे. चार जोडपी शेजारी शेजारी झोपली तरी कोणाचा कोणाला धक्का लागू नये असा ऐसपैस. राजाच्या महालातही एवढा पलंग कशाला लागेल? वेअरमध्ये तो लागला, कारण रस्त्यावर इनच इन होत्या आणि प्रवाशाने नेमके आपल्याच दारात उतरावे यासाठी काहीतरी दाखवायला हवे होते. युक्ती लागू पडली. १५९६ मध्येच एका जर्मन राजपुत्राने प्रवासवर्णनात पलंगाची नोंद केली आणि १६०१च्या सुमारास शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये तो आला. प्रेक्षकांना समजावून सांगावे न लागता नाटकातल्या पात्राने त्याचे नाव घ्यावे, इतका तो लंडनमध्ये माहीत झालेला होता. आलेले पाहुणे त्याच्या खांबांवर आपली आद्याक्षरे कोरायचे आणि लाखेच्या मोहरा उठवायचे. तो घोटाळा आजही दिसतो. ऐतिहासिक वास्तूंवर नावे कोरणाऱ्यांना आपण नावे ठेवतो खरी, पण या पलंगाच्या बाबतीत ते कोरीवकामच त्याचे चरित्र झाले आहे.

पलंग एका इनमध्ये कायमचा राहिला नाही. 'व्हाइट हार्ट'पासून 'सॅरासन्स हेड'पर्यंत वेअरच्या वेगवेगळ्या इनच्या हातांतून तो फिरला. १८७० मध्ये त्याने गावही सोडले आणि तो जवळच्या राय हाउसला गेला. तिथे रेल्वेने सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या लंडनकर कामगारांसाठी मालकाने बागबगीचा, खाणेपिणे आणि करमणूक असा सगळा थाट मांडला होता. तिकीट काढून आलेल्या लोकांनी पलंग पाहावा आणि बिअर प्यावी, असा हिशेब होता. १९३१ मध्ये संग्रहालयाने तो विकत घेतला. तीनशे चाळीस वर्षे त्याने जाहिरातीचेच काम केले. त्यावर किती लोक शांत झोपले असतील याची शंकाच आहे.

वेअरची खरी कमाई पलंगाची नव्हती, बार्लीची होती. हर्टफर्डशायर आणि शेजारच्या परगण्यांतली बार्ली इथे यायची, भिजवून मोड आणली जायची, भट्टीवर वाळवली जायची आणि तयार मॉल्ट ली नदीतून पडावांवर लादून लंडनला जायचे. अठराव्या शतकात लंडनचे हमाल-मजूर जी काळी, कडसर पोर्टर बिअर पिंपेच्या पिंपे रिचवत होते, तिचा रंग आणि धुरकट चव वेअरच्या तपकिरी मॉल्टची होती. लाकडाच्या जाळावर झपाट्याने भाजलेले हे मॉल्ट म्हणजे वेअरचा जणू शिक्काच. मग मद्य तयार करणाऱ्यांच्या हाती द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर आला. त्याने दाखवून दिले की फिकट मॉल्टमधून त्याच पैशात जास्त साखर निघते. १८१७ मध्ये डॅनिअल व्हीलरने कॉफीसारखे मॉल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले आणि चिमूटभर काळ्या मॉल्टने बिअरला पाहिजे तो रंग देता यायला लागला. तपकिरी मॉल्टची गरज तिथेच ओसरली. वेअरचे मॉल्टवाले फिकट मॉल्टकडे वळले आणि टिकले. पण लंडनच्या घशावरची त्यांची पकड सैल झाली ती झालीच. पबच्या इतिहासात राजे आणि दरोडेखोर खूप येतात. एक हायड्रोमीटर आणि एक फिरते पिंप यांनी त्या सर्वांपेक्षा जास्त उलथापालथ केली, असे मला वाटते.

अठराव्या शतकात रस्ते सुधारले, टोलनाके बसले, १७८४ पासून टपालाच्या जलद गाड्या धावू लागल्या आणि इनवाल्यांचे दिवस पालटले. पंधरा-सोळा किलोमीटरवर घोडे बदलायचे. शिंग ऐकू आले की खरारेवाल्यांनी ताजी जोडी घेऊन तयार राहायचे. गाडी उंच कमानीतून अंगणात शिरायची. आत पागा, वर सज्जा, सज्ज्यात खोल्या. सेंट ऑल्बन्सच्या 'व्हाइट हार्ट'ला १७४६ मध्ये एक वेगळाच पाहुणा उतरला. कलोडनच्या लढाईनंतर पकडलेला स्कॉटिश बंडखोर लॉर्ड लोव्हॅट. त्याला शिपाई लंडनला नेत होते, वाटेत तो आजारी पडला म्हणून मुक्काम वाढला. चित्रकार विल्यम होगार्थ ही संधी सोडणारा नव्हता. तो लंडनहून आला, इनमध्ये बसून म्हाताऱ्याचे रेखाटन केले आणि त्याच्या छापील प्रती धडाक्याने विकल्या. लोव्हॅटचा पुढच्या वर्षी शिरच्छेद झाला. ब्रिटनमध्ये अशी शिक्षा झालेला तो शेवटचा माणूस.

या काळातल्या इनच्या पाट्याही अंगावर येणाऱ्या असायच्या. परगण्याच्या उत्तर टोकाला बार्ली नावाचेच एक गाव आहे. तिथल्या 'फॉक्स अँड हाउंड्स'ची पाटी भिंतीवर लावलेली नाही, तर रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडव्या तुळईवर उभी आहे. कोल्हा पुढे, त्यामागे कुत्री, त्यांच्यामागे घोड्यावरचे शिकारी, आणि या सगळ्यांच्या खालून मोटारी जातात. वॉल्थम क्रॉसला 'फोर स्वान्स'चीही अशीच पाटी होती, हमरस्त्यावर आडवी. १९६०च्या दशकात दुकानांच्या नव्या संकुलासाठी ती इन पाडली आणि पाटीची तुळई तेवढी राहू दिली. घर गेले, पाटी उरली, असा तिथला मामला आहे.

इथे महाराष्ट्राचा एक खराखुरा धागा येतो. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या होतकरू अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी १८०६ मध्ये हर्टफर्डच्या किल्ल्यात कॉलेज सुरू केले. तीन वर्षांनी ते जवळच हेलीबरीला नव्या इमारतीत गेले आणि १८५८ पर्यंत चालले. मुंबई इलाख्यात ज्यांनी पुढे जमीनमहसूल बसवला, कचेऱ्या चालवल्या, निवाडे दिले, त्यांतले कितीतरी जण सतराव्या-अठराव्या वर्षी इथे होते. मुंबईचे गव्हर्नर झालेले आणि कोटाच्या भिंती पाडून शहराला मोकळा श्वास देणारे बार्टल फ्रिअर १८३४ मध्ये हेलीबरीतूनच मुंबईला आले. कॉलेजच्या एका अंगाला हर्टफर्ड, दुसऱ्याला वेअर, तिसऱ्याला हॉडसडन. तिन्ही गावे इनने भरलेली आणि घोडा असेल तर हाकेच्या अंतरावर. कॉलेजात पोरांचे दंगे झाले, शिस्तीच्या तक्रारी कंपनीच्या संचालकांपर्यंत गेल्या. त्यात वेअरच्या बिअरचा वाटा नव्हता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. याच कॉलेजात माल्थस अर्थशास्त्र शिकवायचे. लोकसंख्येला धान्य पुरणार नाही, या काळजीने प्रसिद्ध झालेला माणूस, आणि त्याच्या खिडकीपासून थोड्याच अंतरावर पोत्यांनी बार्ली भट्टीत जात होती.

२० जुलै १८३७ रोजी लंडनहून बॉक्समूरपर्यंत रेल्वे सुरू झाली. पुढच्या वर्षी ती बर्मिंगहॅमला पोचली. १८५० मध्ये हॅटफील्ड-स्टीव्हनेजवरून ग्रेट नॉर्दर्नची गाडी धावू लागली. दिवसाचा प्रवास तासावर आला आणि पहिल्या मुक्कामाची गरजच संपली. ज्या अंगणांत रात्रंदिवस घोडे खिंकाळायचे तिथे कोंबड्या फिरू लागल्या. काही इनची दुकाने झाली, काहींची घरे झाली. काहींनी शेतकऱ्यांच्या बाजारावर आणि स्थानिक मंडळाच्या जेवणांवर गुजराण केली.

नेमक्या त्याच सुमाराला दुसऱ्या टोकाला पीक आले होते. १८३० च्या बिअरहाउस कायद्याने बिअरवरचा कर काढून टाकला आणि दोन गिनी भरेल त्या कोणत्याही घरपट्टी देणाऱ्याला, न्यायाधिकाऱ्यांना न विचारता, बिअर विकण्याची मुभा दिली. लोकांनी जिन सोडून बिअर प्यावी, हा हेतू. पहिल्या काही महिन्यांतच देशभर हजारोंनी बिअरघरे उघडली. चांभाराने, सुताराने, गाडीवाल्याने आपली पुढची खोली पिणाऱ्यांना मोकळी केली. १८६९ मध्ये परवान्याचा लगाम परत न्यायाधिकाऱ्यांच्या हाती गेला, पण तोवर इंग्रजी खेड्यातल्या पबचा तोंडवळा ठरून गेला होता. आज ज्या पबांत आपण काळवंडलेल्या तुळया पाहून मध्ययुगाचा भास करून घेतो, त्यांतले पुष्कळ या चाळीस वर्षांतले आहेत.

मग बिअरच्या कारखानदारांनी ही घरे एकेक करून विकत घ्यायला सुरुवात केली. मालक कारखाना, चालवणारा भाडेकरू, आणि विकायची फक्त त्याच कारखान्याची बिअर. पीटर मॅकमलनने १८२७ मध्ये हर्टफर्डला सुरू केलेला कारखाना आजही त्याच कुटुंबाकडे आहे आणि त्यांची 'एके' नावाची हलकी बिअर अजून परगण्यातल्या पबांत मिळते. वॉटफर्डला जोसेफ बेन्स्किन १८६७ मध्ये आला. त्याच्या वारसांनी आसपासचे लहान कारखाने गिळत परगण्यातला सर्वात मोठा कारखाना उभा केला. १९५७ मध्ये त्यालाही इंड कूप कंपनीने गिळले आणि १९७२ मध्ये भट्ट्या विझल्या. बेन्स्किनच्या राहत्या वाड्यात पुढे वॉटफर्डचे संग्रहालय भरले.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मद्यपानविरोधी चळवळ जोरात होती. पण तिच्यातही एक वेगळा पंथ निघाला. या मंडळींचे म्हणणे असे: पब बंद होणार नाहीत, तेव्हा ते चालवणाऱ्याला दारू खपवण्यात फायदाच राहणार नाही अशी व्यवस्था करा. स्वीडनमधल्या गॉटेनबर्गला असा प्रयोग झाला होता. अर्ल ग्रे यांनी इंग्लंडभर परगणेनिहाय 'पब्लिक हाउस ट्रस्ट' कंपन्या काढायचा धडाका लावला. हर्टफर्डशायरची कंपनी १९०३-०४च्या सुमारास निघाली आणि तिने रिज हिलची 'वॅगन अँड हॉर्सेस' ही इन चालवायला घेतली. भागधारकांना मर्यादित व्याज आणि चालकाला पगार. जेवणावर आणि बिनदारूच्या पेयांवर त्याला कमिशन होते, दारूवर नव्हते. मोटारगाड्या नुकत्याच रस्त्यावर येत होत्या. मोडकळीला आलेल्या इनमध्ये पुन्हा स्वच्छ चादर आणि गरम जेवण मिळू लागले. ही कंपनी चालली, फोफावली, परगण्याच्या बाहेर पडली आणि 'ट्रस्ट हाउसेस' या नावाने देशभरच्या इनची मालकीण झाली. १९७० मध्ये तिचे फोर्टे कंपनीशी लग्न लागले आणि 'ट्रस्टहाउस फोर्टे' ही अवाढव्य हॉटेल कंपनी तयार झाली. १९९६ मध्ये ती शेअरबाजारातल्या लढाईत ग्रॅनाडा कंपनीने जिंकून घेतली. माणसाने कमी प्यावे म्हणून काढलेल्या मंडळीचा शेवट असा व्हावा, यात उपरोध आहे. तरी जुन्या इनच्या इमारती आज उभ्या आहेत याचे बरेचसे श्रेय या मंडळीलाच द्यावे लागेल.

लेचवर्थने त्याहून पुढची उडी मारली. एबेनेझर हॉवर्ड यांच्या कल्पनेतले पहिले उद्याननगर १९०३ पासून हर्टफर्डशायरच्या शेतांत वसू लागले. कारखाने, बागा, कामगारांची हवेशीर घरे, सगळे होते, पण नगरात दारूला परवाना नव्हता. आता कामगाराने संध्याकाळी जायचे कुठे? म्हणून १९०७ मध्ये 'स्किटल्स इन' उघडली. वास्तुरचनाकार पार्कर आणि अन्विन. रुंद शेकोटी, लाकडी बाके, स्किटल्स खेळायची पट्टी, बिलियर्ड्स, वाचायला वर्तमानपत्रे, म्हणजे पबात असते ते सगळे. प्यायला कोको, लेमोनेड आणि सफरचंदाचे बिनदारूचे पेय. लंडनच्या पत्रकारांनी यथेच्छ टिंगल केली. दाढीवाले, सँडलवाले, शाकाहारी लोक कोको पीत स्किटल्स खेळतात, हे चित्र व्यंगचित्रकारांना हातचे कसे सोडवेल? पण टिंगल करणाऱ्यांना एक दिसले नाही. गप्पा मारायला, सभा भरवायला, हिवाळ्यात ऊब घ्यायला जागा हवी असते आणि ती दारूच्या गल्ल्यावरच चालली पाहिजे असे नाही, हे स्किटल्स इनने काही वर्षे तरी करून दाखवले. ज्यांना बिअरच हवी होती ते चालत नॉर्टन नाहीतर विलियनला जायचे. त्या जुन्या खेड्यांतले पब उद्याननगराच्या हद्दीत असूनही आधीपासूनचे होते, त्यांना हात लावता येत नव्हता. त्यांची चांदी झाली. १९२०च्या दशकात स्किटल्स इनची इमारत प्रौढशिक्षणाच्या संस्थेकडे गेली आणि ती संस्था अजून तिथेच आहे. नगराच्या मध्यात परवान्याचा पब यायला मात्र १९६०चे दशक उजाडावे लागले. तोही मतदान घेऊन.

दुसरे उद्याननगर वेल्विन. तिथे १९२०च्या दशकाच्या आरंभी 'चेरी ट्री' उघडले, बिअर मिळणारे. पुष्कळ वर्षे गावाला एवढा एकच पब होता. आज त्या इमारतीत सुपरमार्केट आहे. जवळच्या ऐट सेंट लॉरेन्स या चिमुकल्या खेड्यात जॉर्ज बर्नार्ड शॉ १९०६ पासून १९५० पर्यंत राहिले. ते दारूला शिवत नसत. गावात पब एकच, हल्लीचा 'ब्रॉकेट आर्म्स', जुन्या लाकडी सांगाड्याचा. शॉ यांचे घर पाहायला येणारे आज जेवायला तिथेच जातात.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार दुपारी झिंगू नयेत म्हणून पबांच्या वेळा कापल्या गेल्या. युद्ध संपले, दुपारची सक्तीची बंदी १९८८ पर्यंत चालू राहिली. सरकारी तात्पुरतेपणाचे असे नमुने जगभर सापडतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर परगण्याचे रूपच पालटले. स्टीव्हनेज, हेमेल हेम्पस्टेड, हॅटफील्ड या नव्या वसाहती उठल्या आणि आराखड्यात शाळा-दवाखान्याच्या बरोबरीने पबचीही चौकोनी खूण पडली. विटांचे प्रशस्त, मोटारी लावायला जागा असलेले हे पब बड्या कारखान्यांनी बांधले. त्यांच्यात मिळायची ती केग बिअर. गाळलेली, उष्णता देऊन निर्जीव केलेली, वायूच्या दाबाने नळीतून वर ढकललेली. ती कधी नासायची नाही, कुठेही तीच चव, आणि त्यासाठी जाहिरातींचा मारा. पिंपात मुरत राहणारी, हातपंपाने ओढायची जुनी बिअर सांभाळायला तळघर थंड लागते, कसबी माणूस लागतो, आणि उघडलेले पिंप तीन-चार दिवसांत संपावे लागते. कारखान्यांच्या हिशेबनीसांना ते परवडत नव्हते.

१९७१ मध्ये चार तरुण इंग्रजांनी आयर्लंडमधल्या एका पबात बसून याविरुद्ध संघटना काढायचे ठरवले. अस्सल एलसाठीच्या या मोहिमेचे नाव कॅमरा. चौघांत पत्रकारही होते, त्यामुळे बातमी कशी होते हे त्यांना माहीत होते. शाखांचे जाळे विणायची सुरुवात सेंट ऑल्बन्सच्या 'फॅरियर्स आर्म्स'मधून झाली आणि कचेरीही त्याच गावात थाटली गेली. ती आजतागायत तिथे आहे. १९७४ मध्ये त्यांची बिअर-मार्गदर्शिका आली. एका बड्या कंपनीच्या बिअरबद्दल तीत इतके जहाल लिहिले होते की छापखान्यातच मजकूर सौम्य करावा लागला. त्याने खप वाढला असणार. पुढे सभासद दीड लाखाच्या वर गेले. बिअरच्या एका प्रकारासाठी एवढी माणसे वर्गणी भरतात, सभा घेतात, खासदारांना पत्रे लिहितात, हे बाहेरच्याला विनोदी वाटेल. पण बड्या कारखान्यांना हातपंप परत बसवावे लागले, ही वस्तुस्थिती आहे. ग्राहकांच्या चळवळींमध्ये इतके ठोस यश फार थोड्यांना मिळाले. त्यांच्यावर माझा एकच आक्षेप आहे. बरीच वर्षे त्यांनी पिंपाकडे जितके पाहिले तितके पबकडे पाहिले नाही. एल सुधारली आणि खेड्यांतले पब बंद पडत राहिले.

पबकडे पाहिले ते हिचिनजवळच्या प्रेस्टन या खेड्याने. गावात पब एकच, 'रेड लायन'. हिरवळीच्या कडेला असलेले हे घर व्हिटब्रेड कंपनीच्या मालकीचे होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने ते विकायला काढले. गावकऱ्यांनी सभा घेतली, भाग विकले, पैसे गोळा केले आणि पब विकत घेतला. १९८३ पासून तो गावाच्या मालकीचा आहे. ब्रिटनमधला गावाने विकत घेतलेला पहिला पब म्हणून तो ओळखला जातो. तेव्हा हा खुळेपणा समजला गेला. चाळीस वर्षांनी, शेकड्यांनी गावे हाच मार्ग धरत आहेत. २०११च्या कायद्याने तर अशी इमारत 'समाजोपयोगी मालमत्ता' म्हणून नोंदवून विक्री काही महिने थोपवण्याची आणि आपली बोली लावण्याची मुभा दिली आहे. ट्रस्ट कंपनीला परगण्यातल्या अमीर-उमरावांचा आधार होता, लेचवर्थला ध्येयवाद्यांचा, कॅमराला पत्रकारांचा. प्रेस्टनला फक्त संध्याकाळी बसायला जागा हवी होती. मला सगळ्या प्रयोगांत हाच सर्वात शहाणपणाचा वाटतो.

१९८९ मध्ये सरकारने बड्या कारखान्यांवर निर्बंध आणले. दोन हजारांपेक्षा जास्त पब असतील तर जास्तीच्यांपैकी अर्धे मोकळे करा. मक्तेदारी मोडावी हा हेतू होता. कारखान्यांनी पबच विकून टाकले आणि ते घेतले बिअर न बनवणाऱ्या, भाड्यावर जगणाऱ्या नव्या कंपन्यांनी. चालकाला मालक बदलला एवढेच कळले. कधीकधी भाडे वाढल्याचेही.

त्याच काळात वाढली वेदरस्पून. तिचा पहिला पब १९७९ मध्ये उत्तर लंडनला निघाला, पण मुख्य कचेरी वॉटफर्डला, म्हणजे पुन्हा हर्टफर्डशायरलाच. बंद पडलेल्या बँका, चित्रपटगृहे, टपालकचेऱ्या घ्यायच्या, संगीत लावायचे नाही, बिअर स्वस्त द्यायची. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये एका आदर्श पबचे कल्पनाचित्र लिहिले होते. त्यातल्या पबचे नाव कंपनीने आपल्या कित्येक शाखांना दिले. ऑर्वेल बॉल्डॉकजवळच्या वॉलिंग्टन या खेड्यात राहिले होते, दुकान चालवून आणि बकऱ्या पाळून. त्यांच्या लेखातल्या घरगुती पबला शेकडो शाखांची साखळी कितपत मानवली असती, हा प्रश्न त्यांच्यावरच सोपवलेला बरा. वेदरस्पूनची एक शाखा लेचवर्थलाही निघाली. तिचे नाव 'थ्री मॅग्नेट्स', हॉवर्ड यांच्या पुस्तकातल्या सुप्रसिद्ध आकृतीवरून. कोकोच्या गावात स्वस्त बिअर, संस्थापकाच्या आकृतीच्या नावाने.

राहिला सेंट ऑल्बन्सचा 'ये ओल्ड फायटिंग कॉक्स'. पर्यटक ज्यासाठी येतात तो हाच. व्हर नदीच्या काठी, मठाच्या उतारावर, अष्टकोनी लाकडी घर. इसवी सन ७९३ पासून इथे पब आहे, असा दावा. गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात इंग्लंडमधला सर्वात जुना पब म्हणून नोंद होती. सन २००० मध्ये गिनेसने तो विभागच बंद केला, कारण असा दावा सिद्ध करता येत नाही. घर मठाचा कबुतरखाना होते आणि मठ १५३९ मध्ये बरखास्त झाल्यावर हलवून इथे आणून उभे केले, असे जाणकार म्हणतात. परवान्याची नोंद अठराव्या शतकातली आहे, नाव तेव्हा 'थ्री पिजन्स'. 'फायटिंग कॉक्स' हे नाव १८७२ चे. कोंबड्यांच्या झुंजी कायद्याने बंद होऊन तोवर वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. म्हणजे ज्या प्राचीनत्वावर गिऱ्हाईक भुलते त्याची पाटी व्हिक्टोरिया राणीच्या काळात रंगवली गेली. २०१५ मध्ये एका प्राणिमित्र संघटनेने नाव बदलून 'क्लेव्हर कॉक्स' करा अशी मागणी केली होती. ती मान्य झाली नाही, पण जगभर बातमी झाली. फुकटची जाहिरात इनवाल्यांना सोळाव्या शतकापासून प्रिय आहे.

२००७ च्या जुलैत पबांत धूम्रपानबंदी आली, २० मार्च २०२० च्या रात्री महामारीमुळे सगळेच पब बंद झाले. उघडल्यावर अंतर राखा, टेबलावरच मागवा, मग पुन्हा बंद, असे चालले. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फायटिंग कॉक्स' चालवणारी कंपनी बुडाली. हजार वर्षांचा पब बंद पडला, असे मथळे अमेरिकेपर्यंत गेले. घर एका मोठ्या पब-कंपनीच्या मालकीचे होते. तिला नवा चालक मिळाला आणि वसंत ऋतू सरायच्या आत बिअर पुन्हा सुरू झाली.